फीसाठी पाणी भरणारा मुलगा

जून महिना जवळ आला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत दुसरा विषयच नसतो. कुणाला क्लासची फी भरायची असते, कुणाला गणवेश, दप्तर, रिक्षाचे पैसे हवे असतात. शाळा सरकारी असली तरी खर्च काही सुटत नाही. मग एखादी जण हळूच सांगते, की यंदा मुलाचंच बघते, मुलीचं पुढच्या वर्षी बघू. हे सांगताना तिची मान खाली गेलेली असते. दहा-बारा वर्षं मी हे ऐकते आहे आणि दर वेळी माझ्याही पोटात कालवतं.

मैत्रिणींनो, हा हिशेब फक्त आपल्याच घरातला नाही बरं का. दूर पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया नावाच्या देशात, एका मुलाचं सगळं बालपण या फीच्या हिशेबात गेलं. पुढे तो वकील झाला, राजकारणात आला, सत्तेवर बसला, आणि त्याने पहिलं मोठं काम काय केलं, तर आपल्या प्रांतातल्या प्राथमिक शाळांची फी काढून टाकली. त्या मुलाचं नाव ओबाफेमी अवोलोवो. नायजेरियाच्या शंभर नायराच्या नोटेवर गोल चष्मा आणि योरुबा पद्धतीची टोपी घातलेला एक चेहरा आहे, तो त्यांचाच.

ओबाफेमीचा जन्म ६ मार्च १९०९ चा, इकेन्ने नावाच्या छोट्या गावातला. तेव्हा नायजेरियावर इंग्रजांचं राज्य होतं. देशाच्या पश्चिम भागात योरुबा लोकांची वस्ती, पूर्वेला इगबो, उत्तरेला मुख्यतः मुसलमान असलेले हौसा आणि फुलानी. अवोलोवो योरुबा. वडील शेती करायचे आणि लाकूड कापायचं काम करायचे. गावात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक, त्यामुळे मुलाला शाळेत घालायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. घरची स्थिती खाऊन-पिऊन बरी होती.

पण १९२० मध्ये वडील देवीच्या रोगाने गेले. मुलगा अकरा वर्षांचा. कर्ता माणूस गेला की घराचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. शाळा सुटली. आई मेरी एकटी पडली, तिच्याकडे फीला पैसे कुठले? पण पोराने शाळेचा ध्यास सोडला नाही. अबेओकुटा नावाच्या शहरात तो कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे राहिला. लोकांच्या घरी पाणी भरलं, जळणाची लाकडं आणली, घरगड्याची कामं केली आणि त्यातून फी भरली. कधी पैसे जमले तर शाळा, नाही जमले तर काम. एक वर्ग इथे, दुसरा तिथे, असं करत त्याने प्राथमिक शिक्षण पुरं केलं.

१९२७ मध्ये तो इबादान शहरातल्या वेस्ली कॉलेजमध्ये शिक्षक होण्यासाठी दाखल झाला. पण तिथेही फार दिवस राहिला नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत या तरुणाने किती धंदे केले त्याची यादी वाचून हसू येतं आणि कौतुकही वाटतं. शाळामास्तर, लघुलेखक-टंकलेखक, कॉलेजात कारकून, वृत्तपत्राचा बातमीदार, सावकारी, भाड्याची मोटार चालवण्याचा धंदा, कोकोच्या बियांची खरेदी-विक्री. ज्या कोकोपासून चॉकलेट बनतं, तो कोको पश्चिम नायजेरियाचं मुख्य नगदी पीक. त्यात चार पैसे मिळायला लागले, तोच १९३८ च्या सुमारास कोकोचे भाव कोसळले आणि अवोलोवो कर्जात बुडाले.

याच्या आदल्याच वर्षी, २६ डिसेंबर १९३७ ला, त्यांचं लग्न झालं होतं. बायको त्यांच्याच इकेन्ने गावची, हॅना इदोवू दिदेओलू. लागोसला मुलींच्या मेथॉडिस्ट हायस्कूलमध्ये शिकलेली. जन्म १९१५ चा, म्हणजे नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी त्यांना हॅनाबाईच म्हणणार आहे, कारण या गोष्टीत त्यांचं काम नवऱ्याइतकंच मोठं आहे. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात घरावर कर्जाचा डोंगर. दुसरी एखादी माहेरी निघून गेली असती. या बाई गेल्या नाहीत.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. योरुबा समाजात बाजार हा बायकांचा असतो. कापड, धान्य, मिरच्या, भांडी, सगळ्याची खरेदी-विक्री बायका करतात, त्यांच्या हातात स्वतःचा पैसा असतो. बाजाराची प्रमुखही बाईच असते, तिला इयालोजा म्हणतात. त्यामुळे हॅनाबाई व्यापारात उतरल्या यात तिथे कुणाला नवल वाटलं नाही. नवल आहे ते त्या व्यापाराच्या जोरावर त्यांनी काय काय निभावलं याचं.

अवोलोवोंना वकील व्हायचं होतं. त्या काळी नायजेरियात कायद्याचं कॉलेज नव्हतं, वकील व्हायचं तर लंडनलाच जावं लागे. पैसा नव्हता, म्हणून त्यांनी आधी घरी बसून लंडन विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळवली. ती मिळाली १९४४ मध्ये. त्याच वर्षी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मित्रांची मदत आणि उसनवारी करून ते बोटीने लंडनला निघाले. जगात महायुद्ध चालू होतं. मागे बायको आणि लहान लहान मुलं.

विचार करा, पस्तिशीतला संसारी माणूस, डोक्यावर जुनी देणी, आणि तो पुन्हा विद्यार्थी व्हायला निघतो. आपल्या घरात असं कुणी म्हटलं तर आपण काय उत्तर देऊ? हॅनाबाईंनी जा म्हटलं, आणि दोन वर्षं कापड विकून घर चालवलं. मुलांचं खाणं, आजारपण, सगळं त्यांच्या एकटीच्या कमाईवर. नोव्हेंबर १९४६ मध्ये अवोलोवो लंडनच्या इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. आपल्या यशात बायकोचा वाटा किती मोठा आहे, हे पुढे त्यांनी अनेकदा उघडपणे सांगितलं. मला या माणसाचा हा गुण आवडतो. खूप मोठी माणसं हे सांगायचं विसरतात.

लंडनमध्ये असताना त्यांनी फक्त कायद्याची पुस्तकं वाचली असं नाही. नायजेरियाचं स्वातंत्र्य कसं असावं यावर एक पुस्तक लिहिलं, ते १९४७ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. इंग्रजांनी शेकडो भाषांचे, वेगवेगळ्या चालीरीतींचे लोक एका नकाशात कोंबून त्याला एक नाव दिलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून प्रत्येक मोठ्या गटाला आपापल्या भागात कारभार करू द्यावा आणि वर एक संघराज्य असावं, हा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. तिथेच १९४५ मध्ये योरुबा लोकांची एक सांस्कृतिक संघटनाही त्यांनी उभी केली. याच कारणाने ते फक्त योरुबांचे पुढारी आहेत, अशी टीकाही त्यांच्या मागे कायमची लागली.

परत आल्यावर इबादानमध्ये वकिली सुरू केली. हातात पैसा खेळू लागला, जुनी ओढाताण संपली. वकिलीतच राहिले असते तर सुखात दिवस गेले असते. पण १९४९ मध्ये त्यांनी नायजेरियन ट्रिब्यून नावाचं वृत्तपत्र काढलं आणि १९५१ मध्ये ॲक्शन ग्रुप हा पक्ष. त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर पश्चिम प्रांताचा कारभार या पक्षाच्या हातात आला. १९५२ पासून ते तिथल्या सरकारचे प्रमुख मंत्री होते आणि १९५४ मध्ये प्रांताचे पहिले प्रीमियर झाले, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद. इंग्रज अजून गेलेले नव्हते, पण प्रांताचा बराचसा कारभार आता स्थानिक लोकांकडे होता.

आता खरी गोष्ट सुरू होते.

१९५२ मध्येच त्यांचे शिक्षणमंत्री स्टीफन अवोकोया यांनी एक योजना मांडली, की प्रांतातल्या प्रत्येक मुलामुलीला प्राथमिक शिक्षण मोफत द्यायचं. अधिकारी हसले. पैसा कुठून आणणार? शिक्षक कुठून आणणार? इमारती कुठे आहेत? प्रश्न खोटे नव्हते. अवोलोवोंनी घाई न करता दोन-अडीच वर्षं तयारी केली. शिक्षक तयार करणाऱ्या संस्था वाढवल्या, गावोगावी वर्ग बांधायला घेतले, लोकांना श्रमदान करायला लावलं.

पैशासाठी मात्र त्यांनी असं पाऊल उचललं जे कुठल्याही पुढाऱ्याला परवडत नाही. कर बसवला. प्रत्येक करदात्याने शिक्षण आणि आरोग्यासाठी वर्षाला दहा शिलिंग सहा पेन्स द्यायचे. झालं, लोक खवळले. शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की एक तर आमच्याकडून पैसे घेता, वर आमची पोरं शाळेत कोंडता, मग कोकोच्या शेतात काम कोण करणार? विरोधी पक्षाने या रागाला हवा दिली. १९५४ च्या अखेरीला मध्यवर्ती सभागृहाची निवडणूक झाली, तेव्हा स्वतःच्याच प्रांतात अवोलोवोंच्या पक्षाला विरोधकांपेक्षा कमी जागा मिळाल्या. लोकांच्या मुलांसाठी योजना आणली आणि लोकांनीच पाडलं.

इथे माघार घेणं सोपं होतं. योजना पुढे ढकलतो म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण त्यांनी माघार घेतली नाही. जानेवारी १९५५ मध्ये पश्चिम प्रांतातल्या प्राथमिक शाळा सर्व मुलांसाठी मोफत झाल्या. आदल्या वर्षी शाळेत साधारण साडेचार लाख मुलं होती. १९५५ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. एका वर्षात! आई-वडील मुलांना हाताला धरून रांगेत उभे राहिले. जे काल कराला शिव्या देत होते, त्यांचीही मुलं त्या रांगेत होती. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, प्रांताची निवडणूक झाली आणि ॲक्शन ग्रुप पुन्हा निवडून आला.

मला या आकड्यांत जास्त दिसतात त्या मुली. फी असली की घरात निवड करावी लागते, आणि निवड करायची वेळ आली की मुलगी मागे राहते. हे इकेन्नेत तसंच आणि आपल्याकडेही तसंच. फी गेली की निदान ती निवड तरी आईच्या मानेवरून उतरते. पश्चिम नायजेरियात पुढे ज्या शिक्षिका, नर्स, डॉक्टर, वकील बायका दिसल्या, त्यांतल्या कितीतरी जणींची पहिली पाटी या योजनेतली होती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही हं. एकदम एवढी मुलं आली की शिक्षक पुरे पडेनात. पुरेसं शिक्षण नसलेल्या तरुणांनाच मास्तर म्हणून उभं करावं लागलं, दर्जा घसरला. चार-सहा वर्षांनी शाळा शिकून बाहेर पडलेली पोरं शेतात जायला तयार नव्हती आणि शहरात नोकऱ्या नव्हत्या. शिवाय प्रांताचा पैसा बराचसा कोकोतून यायचा. शेतकऱ्याला ठरावीक भाव द्यायचा, बाजारात जास्त भाव मिळाला तर वरचा पैसा सरकारी मंडळाकडे ठेवायचा, अशी ती पद्धत होती. म्हणजे शाळेचं ओझं शेवटी त्या शेतकऱ्याच्याच पाठीवर होतं. पण त्याचं पोर त्या शाळेत होतं, एवढा फरक.

या काळात त्यांच्या सरकारने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोफत औषधपाणी देण्याची योजना आणली. १९५९ मध्ये इबादानला दूरचित्रवाणी केंद्र सुरू केलं, ते आफ्रिकेतल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी. आणि इकडे हॅनाबाईंचा व्यापार बंद झाला नव्हता. नवरा प्रांताचा प्रमुख, पण बाई आपल्या कापडाच्या आणि इतर मालाच्या धंद्यात होत्या. त्यांचा हा स्वतःचा धंदा होता, आणि तो होता म्हणूनच पुढच्या वाईट दिवसांत घर तगलं.

वाईट दिवस लवकरच आले. १९५९ मध्ये अवोलोवोंनी प्रीमियरपद आपले सहकारी सॅम्युअल अकिंतोला यांच्याकडे सोपवलं आणि सगळ्या देशाचा पंतप्रधान व्हायचं म्हणून मध्यवर्ती निवडणूक लढवली. हेलिकॉप्टरने प्रचार केला, त्याची तेव्हा फार चर्चा झाली. पण उत्तरेत त्यांना फारशी मतं मिळाली नाहीत, पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. जाता जाता सांगते, त्या निवडणुकीत उत्तर नायजेरियातल्या बायकांना मताचा हक्कच नव्हता. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या बायका मत देत होत्या, उत्तरेच्या घरात बसून होत्या. त्यांना राष्ट्रीय निवडणुकीत पहिलं मत देता आलं ते थेट १९७९ मध्ये.

१ ऑक्टोबर १९६० ला नायजेरिया स्वतंत्र झाला तेव्हा अवोलोवो विरोधी पक्षनेते होते. दोन वर्षांत पक्ष फुटला. अकिंतोला आणि ते एकमेकांसमोर उभे राहिले. मे १९६२ मध्ये प्रांताच्या विधानसभेत खुर्च्या फेकाफेकी, मारामारी झाली आणि केंद्र सरकारने तिथे आणीबाणी लावली. पाठोपाठ एका न्यायाधीशाच्या आयोगाने ठपका ठेवला, की प्रांताच्या कोको मंडळाचा पैसा वळवून ॲक्शन ग्रुप पक्षासाठी वापरला गेला आणि त्याला अवोलोवो जबाबदार आहेत. त्यांच्या माणसांनी हे सारं राजकीय सूड म्हणून नाकारलं. पण डाग लागायचा तो लागला. शाळांसाठी एवढं करणाऱ्या माणसाच्या राज्यात पक्षाची तिजोरी कशी भरली, हा प्रश्न आपणही सोडून देऊ नये.

मग आला देशद्रोहाचा खटला. सरकार उलथवण्याचा कट केला असा आरोप. त्यांनी लंडनहून वकील बोलावला, तर त्याला देशात येऊच दिलं नाही. अवोलोवो स्वतःच स्वतःचे वकील झाले.

हा खटला चालू असतानाच घरावर वीज पडली. थोरला मुलगा सेगुन नुकताच इंग्लंडहून वकील होऊन आला होता. वडिलांच्या खटल्यासाठी त्याची धावपळ चालली होती. १० जुलै १९६३ ला इबादानहून लागोसला कोर्टात येताना मोटार अपघातात तो गेला. ऐन पंचविशीचा मुलगा. बाप कोठडीत, मुलाचा देह रस्त्यावर. हॅनाबाईंनी हे कसं सोसलं असेल ते आईचं काळीज असलेल्या प्रत्येकीने आपल्या मनाशी विचारावं. दोन महिन्यांनी, ११ सप्टेंबर १९६३ ला, निकाल लागला. दहा वर्षांची कैद.

आता सगळ्यांना वाटलं हे घर संपलं. नवरा दूर कॅलाबारच्या तुरुंगात, मोठा मुलगा गेलेला, पक्ष मोडलेला. पण १९६४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने दुसऱ्या पक्षांशी आघाडी केली, तेव्हा प्रचाराला हॅनाबाई बाहेर पडल्या. दुःख अजून ताजंच होतं. गावोगाव फिरल्या, सभांना गेल्या, कार्यकर्त्यांना धीर दिला. तोवर राजकारणात त्या नवऱ्याच्या मागे उभ्या होत्या. आता त्याच्या जागी उभ्या राहिल्या. आणि घरी आल्या की पुन्हा धंदा, मुलं, तुरुंगातल्या नवऱ्याची चौकशी. त्यांनी तुरुंगात बसून देशाच्या घटनेवर पुस्तक लिहिलं, ते १९६६ मध्ये छापलं गेलं.

त्याच १९६६ मध्ये जानेवारीत लष्करी उठाव झाला. पंतप्रधान मारले गेले, अकिंतोलाही मारले गेले. जुलैत दुसरा उठाव झाला आणि ऑगस्टमध्ये नवे लष्करी प्रमुख याकुबू गोवोन यांनी अवोलोवोंची सुटका केली. तुरुंगात नसते तर जानेवारीत त्यांचंही काय झालं असतं कोण जाणे. पुढच्याच वर्षी गोवोन यांच्या सरकारात ते अर्थखात्याचे प्रमुख झाले.

मैत्रिणींनो, इथून पुढचा भाग मला लिहायला जड जातो. पण तो गाळला तर गोष्ट खोटी होईल. १९६७ मध्ये पूर्वेच्या इगबो भागाने बियाफ्रा नावाने वेगळं राष्ट्र जाहीर केलं आणि यादवी युद्ध पेटलं. सरकारने बियाफ्राची नाकेबंदी केली. अन्न पोहोचेना. फुगलेल्या पोटांच्या, काडीसारख्या हातापायांच्या मुलांचे फोटो जगभरच्या वृत्तपत्रांत आले. १९७० मध्ये युद्ध संपेपर्यंत लाखो माणसं मेली, त्यांत भुकेने गेलेली मुलं फार होती. सरकारच्या तिजोरीच्या किल्ल्या तेव्हा अवोलोवोंकडे होत्या. परदेशातून कर्ज न काढता त्यांनी युद्धाचा खर्च चालवला म्हणून त्यांचं कौतुक झालं. पण नाकेबंदीच्या धोरणाला त्यांचा पाठिंबा होता हेही खरं. पाठवलेलं अन्न मुलांना न मिळता सैनिक पळवत होते, असं त्यांनी नंतर समर्थन केलं. इगबो लोकांना ते कधीच पटलं नाही. युद्धानंतर तर बियाफ्राच्या लोकांच्या बँकेत कितीही ठेव असली तरी हातात फक्त वीस पौंड द्यायचे असं ठरलं. आयुष्यभराची पुंजी एका सहीने गेली. चिनुआ अचेबे या थोर इगबो लेखकाने २०१२ मध्ये, म्हणजे युद्धानंतर चार दशकांनी, आपल्या पुस्तकात याबद्दल अवोलोवोंवर कडक टीका केली आणि नायजेरियात पुन्हा वाद पेटला.

मी यावर खूप विचार केला. ज्याने आठ लाख मुलांना शाळेच्या दारात आणलं, तोच माणूस दुसऱ्या प्रांतातल्या उपाशी मुलांच्या बाबतीत एवढा कठोर कसा झाला? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. आपली आणि परकी मुलं असा भेद माणसाच्या मनात शिरला की काय होतं, ते यातून दिसतं, एवढंच म्हणेन. योरुबा घरांत त्यांचा फोटो भिंतीवर असतो आणि अनेक इगबो घरांत त्यांचं नाव निघालं तरी कपाळाला आठी पडते. दोन्ही खरं आहे.

१९७१ मध्ये ते सरकारातून बाहेर पडले, परत वकिली केली. १९७८ मध्ये राजकारणावरची बंदी उठली आणि सत्तरीच्या घरात असलेल्या या माणसाने नवा पक्ष काढला. मागणी तीच, शिक्षण मोफत, तेही आता प्राथमिकच नाही तर सगळ्या पातळ्यांवर, आणि औषधपाणी मोफत. १९७९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना सुमारे ४९ लाख मतं पडली आणि शेहू शगारींना सुमारे ५७ लाख. नियम असा होता की विजेत्याला देशाच्या १९ पैकी दोन तृतीयांश राज्यांत निदान पाव मतं पाहिजेत. आता १९ चे दोन तृतीयांश म्हणजे बारा की तेरा? शगारींना बारा राज्यांत ती मतं होती, तेराव्यात कमी पडली. अवोलोवो कोर्टात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने शगारींच्या बाजूने निकाल दिला. १९८३ मध्ये पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले. देशाचं सर्वोच्च पद त्यांना कधीच मिळालं नाही.

पण त्यांची योजना मात्र जिंकली होती. १९७६ मध्ये, ते सत्तेत नसताना, लष्करी सरकारने सगळ्या देशात मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. वीस-एकवीस वर्षांपूर्वी जिच्यापायी ते निवडणूक हरले होते, तीच कल्पना. आणि १९७९ ते १९८३ या काळात लागोससह पाच राज्यांत त्यांच्या पक्षाची सरकारं होती, तिथे फी काढून टाकली गेली.

९ मे १९८७ ला इकेन्नेच्या घरी अवोलोवो गेले. वय ७८. त्याच वर्षी इफे विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्यामागे हॅनाबाई अठ्ठावीस वर्षं जगल्या. नायजेरियन ट्रिब्यून वृत्तपत्राची धुरा त्यांनी सांभाळली, ते आजही निघतं. इकेन्नेच्या त्यांच्या घरी मोठमोठे पुढारी सल्ल्याला, आशीर्वादाला येत. १९ सप्टेंबर २०१५ ला त्या गेल्या, तेव्हा शंभरी पुरी व्हायला जेमतेम दोन महिने राहिले होते. नातजावई येमी ओसिन्बाजो त्या वेळी देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होते.

नायजेरियात आजही शाळेबाहेर राहणाऱ्या मुलांची संख्या कोटीच्या घरात सांगितली जाते. त्यामुळे एका माणसाने सगळा प्रश्न सोडवला असं कुणी म्हणू नये. पण १९५५ च्या जानेवारीत ज्या आईला आपल्या दोन मुलांपैकी एकाची निवड करावी लागली नाही, तिच्यासाठी तो प्रश्न त्या दिवशी सुटला होता.

परवाच्या बैठकीत मी ही गोष्ट आमच्या बायकांना सांगितली. सगळ्यात जास्त प्रश्न कशावर आले माहीत आहे? कराचे दहा शिलिंग सहा पेन्स म्हणजे किती, आणि हॅनाबाई कापड आणायच्या कुठून, यावर! निघताना एकीने गटाच्या वहीत मुलीच्या नावावर कर्ज मांडायला सांगितलं. गेल्या वर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणणारी तीच होती.